शब्दाच्या पहिल्या अक्षरांवर किती विसंबायचं?

अगं, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची पुस्तकं उघडलीस आणि रडकुंडीला आलीस, असं आईने सांगितलं. सगळे शब्द सारखेच सुरू होतात, पाठ केलेले रात्रीत उडून जातात आणि मराठी माध्यमातून आल्यामुळे आपणच मागे आहोत, असं तुला वाटतंय. तर आधी हे शेवटचं मनातून काढून टाक. तुझ्या शेजारी बसणाऱ्या इंग्लिश मीडियमच्या मुलीलाही हे शब्द घरी कुणी शिकवलेले नाहीत. छापलेत इंग्रजी पुस्तकात, पण त्यांतले बहुतेक ग्रीक आणि लॅटिन आहेत.

आणि ग्रीकशी तुझं नातं तुला वाटतं त्यापेक्षा जवळचं आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच मुळातून निघालेल्या भाषा असाव्यात, हे विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडलं होतं. त्याचा फायदा आज तू वॉर्डात घे. ‘अशक्त’मधला ‘अ’ आणि ‘अनादर’मधला ‘अन्’ तुला ठाऊक आहेत ना? व्यंजनापुढे ‘अ’, स्वरापुढे ‘अन्’. ग्रीकमध्ये हुबेहूब हाच नियम आहे. म्हणून श्वास थांबला की ॲप्निया आणि रक्त कमी पडलं की ॲनिमिया. लघवी जवळजवळ बंद झाली की ॲन्युरिया. ‘दुर्बल’मधला ‘दुर्’ तिकडे ‘डिस’ होतो. डिस्प्निया म्हणजे श्वास घेताना होणारा त्रास, डिस्युरिया म्हणजे लघवी करताना होणारा त्रास. ‘परिसर’मधला ‘परि’ तिकडे ‘पेरि’ आहे, आणि हृदयाभोवतीचं आवरण म्हणजे पेरिकार्डियम. एक सुरुवात समजली की दहा शब्द सुटतात. मला विचारशील तर घोकंपट्टीची वही बंद कर आणि प्रत्येक शब्द फोडून लिहायची सवय लाव.

‘हायपर’ आणि ‘हायपो’ यांच्यासाठी मात्र वेगळा वेळ काढ. हायपर आणि संस्कृत ‘उपरि’ एकाच घरातले, आणि आपलं ‘वर’ त्या उपरिवरूनच आलं. हायपो म्हणजे ‘उप’. उपसरपंच सरपंचाच्या खाली, तसा हायपो खाली. एवढं डोक्यात बसलं की गोंधळ होत नाही. तो होऊन चालणारही नाही. शुगर 70च्या खाली गेली की हायपोग्लायसेमिया. पेशंटला दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, तो बरळायला लागतो. त्याला ताबडतोब साखर हवी असते, शुद्ध नसेल तर शिरेतून ग्लुकोज. हायपरग्लायसेमियात शुगर चढलेली असते आणि तिथे डॉक्टर इन्सुलिन लिहितात. शुगर उतरलेल्या पेशंटला चुकून इन्सुलिन गेलं तर जीव जाऊ शकतो. पोटॅशियमचंही तेच. हायपरकॅलेमिया आणि हायपोकॅलेमिया, दोन्हींत हृदयाचे ठोके बिघडतात, पण उपचार अगदी उलटे. हँडओव्हर घेताना हा शब्द अर्धवट ऐकू आला तर पुन्हा विचार. आणि बायका ‘मला थायरॉइड आहे’ एवढंच सांगतात, तेव्हा हायपो की हायपर हे विचारल्याशिवाय केसपेपरवर काही लिहू नकोस. माझा हा आग्रह आहे.

आता फसवणारे शब्द. हेमिप्लेजिया म्हणजे अर्ध्या अंगावरून वारं जाणं आणि हेमरेज म्हणजे रक्तस्राव. सुरुवात दोन्हीकडे एच, ई, एम. पण पहिल्यात ‘अर्धा’ सांगणारा ग्रीक शब्द आहे, दुसऱ्यात ‘रक्त’ सांगणारा. पीडियाट्रिक म्हणजे लहान मुलांचं, तर पेडल इडिमा म्हणजे पावलांवरची सूज. इथेही पहिली तीन अक्षरं तीच, मात्र मूल ग्रीकमधून आलं आणि पाऊल लॅटिनमधून. गंमत अशी की ब्रिटिश स्पेलिंगमध्ये हा घोळ होतच नाही. ते रक्ताच्या आणि मुलाच्या शब्दात एक जादा ‘ए’ ठेवतात, अमेरिकन पुस्तकं तो गाळतात. आपल्याकडे दोन्ही पुस्तकं वापरात असल्यामुळे मुली गोंधळतात. तुझ्या वहीत तू तो ‘ए’ ठेव. रक्त आणि अर्धं एका नजरेत वेगळे दिसतील. ‘डिस’चंही असंच पाहा. त्रासाच्या ग्रीक ‘डिस’मध्ये ‘वाय’ असतो. डिस्चार्ज, डिसलोकेशन यांच्यात ‘आय’ असतो, तो लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ दूर होणं, सुटणं. इलियम तर दोन आहेत, उच्चारही एकच. ‘ई’ असेल तर लहान आतड्याचा शेवटचा भाग, ‘आय’ असेल तर कमरेचं हाड.

इथपर्यंत पहिली अक्षरं निदान अर्थाची दिशा तरी दाखवतात. औषधांच्या ट्रॉलीपाशी मात्र त्यांच्यावर विसंबू नकोस. ‘मेट’ने सुरू होणारी चार औषधं तुला जवळपास प्रत्येक मेडिसिन वॉर्डात भेटतील. मेटफॉर्मिन मधुमेहाचं. मेट्रोनिडॅझोल जंतुसंसर्गाचं, अमीबाच्या जुलाबांतही देतात. मेटोप्रोलॉल रक्तदाबाचं आणि हृदयाचं. मेटोक्लोप्रमाइड उलटीचं. या चौघांचं एकमेकांशी काही नातं नाही. औषधांच्या नावात घराणं शेपटाला असतं. जागतिक आरोग्य संघटना 1953 पासून औषधांच्या अधिकृत नावांच्या याद्या काढते, आणि त्या पद्धतीत एका गटाच्या औषधांना बहुतेक वेळा शेवट सारखा दिला जातो. अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल ही सख्खी भावंडं, म्हणून ‘लॉल’ दिसलं की गोळी देण्याआधी नाडी आणि बीपी बघ. रॅमिप्रिल, एनालाप्रिल एका घरची. मेट्रोनिडॅझोलची बहीण टिनिडॅझोल. ‘सेफ’ने सुरू होणारी सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन वगैरे अँटिबायोटिक्स मात्र खरोखरच एका कुटुंबातली आहेत, तिथे सुरुवात खरं बोलते. पेनिसिलिनची ॲलर्जी सांगणाऱ्या पेशंटला त्यातलं काही लिहिलेलं दिसलं, तर देण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाल.

सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या ऐकू येणाऱ्या औषधांना हॉस्पिटलात ‘लासा’ म्हणतात. ती शेजारी शेजारी ठेवायची नसतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2001 साली अशा जोड्यांमधला वेगळा भाग मोठ्या अक्षरांत छापायला सुचवलं. हायड्रॅलॅझिन रक्तदाब उतरवतं आणि हायड्रॉक्सिझिन खाजेवर देतात, त्यांच्या लेबलवर म्हणून फक्त वेगळी अक्षरं कॅपिटल असतात. तुझ्या वॉर्डात अशी लेबलं नसतील तर इन्चार्ज सिस्टरशी बोल. नवीन आहे म्हणून गप्प बसू नकोस.

फोनवर ऑर्डर मिळाली तर नाव आणि डोस परत वाचून दाखव, एकेक अक्षर सांगून. स्ट्रिपवरचं नाव पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाच. आणि रात्री दोन वाजता शंका आली तर दोन वाजता डॉक्टरांना उठव. ओरडा खाल्लास तरी चालेल, पण अंदाजाने डोस देऊ नकोस, बाळा.