प्रौढपणी टंकलेखनाचा वेग कसा वाढतो?

दिल्लीत मुख्यालय असलेला कर्मचारी निवड आयोग केंद्र सरकारच्या कचेऱ्यांसाठी कनिष्ठ लिपिकांची निवड करतो. लेखी परीक्षेत उत्तम गुण मिळवणाऱ्या उमेदवारालाही शेवटी १० मिनिटे कळफलकासमोर बसावे लागते. इंग्रजीत मिनिटाला ३५ किंवा हिंदीत ३० शब्द एवढा वेग त्याच्यापाशी असावा लागतो. या कसोटीचे गुण इतर गुणांत मिळवले जात नाहीत; मात्र तीत उणे पडणाऱ्यास ते पद मिळत नाही. दिवसा नोकरी करून तयारी करणाऱ्यापुढे म्हणून दोन प्रश्न उभे राहतात. वाढत्या वयात बोटांना नवे वळण लागते काय? आणि दिवसाकाठी उरणारा एखादा तास त्यासाठी पुरतो काय?

वेग कोठे अडतो?

आयोगाच्या गणनेत एक शब्द म्हणजे सरासरी ५ कळा. त्या हिशेबाने ३५ शब्दांचा वेग म्हणजे तासाला १०,५०० कळा, अर्थात सेकंदाला जेमतेम तीन. एकच बोट मेजावर आपटून पाहिले, तरी सेकंदाला चार-पाच ठोके सहज पडतात. तेव्हा बोटे मंद नसतात. वेळ जातो तो कळ शोधण्यात, आणि कागदावरून कळांकडे व कळांवरून कागदाकडे नजर फिरवण्यात.

अमेरिकेतील सिनसिनाटी येथे २५ जुलै १८८८ रोजी झालेली स्पर्धा या दृष्टीने प्रसिद्ध आहे. फ्रँक मॅक्गरिन नावाच्या लघुलेखकाने कळांकडे न पाहता सर्व बोटांनी टंकलेखन करून ती जिंकली. कोणत्या बोटाने कोणती कळ दाबावयाची हे एकदा ठरले, की स्थान डोळ्यांऐवजी हाताच्या स्मरणात राहते.

देवनागरीची सोय

भारतीय लिप्यांसाठी प्रमाण ठरलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. ‘रोपे’ हा शब्द घ्यावा. ‘र’ उजव्या हाताने, ओकाराची मात्रा डाव्याने, ‘प’ पुन्हा उजव्याने आणि एकाराची मात्रा डाव्याने उमटते. चारही कळा मधल्या ओळीतच आहेत. एक हात कळ दाबत असताना दुसरा पुढच्या कळेची तयारी करतो. शिवाय ‘क’ आणि ‘ख’, ‘त’ आणि ‘थ’ अशा जोड्या एकाच कळेवर असल्याने वर्णमाला जाणणाऱ्यास त्या निराळ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

एका तासाचे महत्त्व

ब्रिटनमधील टपाल कर्मचाऱ्यांना टंकलेखन शिकवताना ॲलन बॅडली व लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. एका गटाने रोज एक तास सराव केला, तर दुसऱ्याने दोन-दोन तासांच्या दोन बैठकी घेतल्या. कळफलक आत्मसात होण्यास पहिल्या गटाला एकूण सुमारे ३५ तास लागले, दुसऱ्याला सुमारे ५०. दिवस अर्थातच पहिल्या गटाला अधिक लागले आणि आपल्या प्रगतीविषयी तोच गट अधिक असमाधानी होता. नोकरदाराने हे ध्यानात ठेवावे. आपण मागे पडत आहोत असे वाटत असतानाही त्याचा प्रत्येक तास अधिक फलदायी ठरत असतो.

या तासाची विभागणी साधी असावी. प्रथम १० मिनिटे मधल्या ओळीचा सराव करावा. नंतर ज्या अक्षरजोडीवर हात अडखळतो, तीच संथपणे व अचूक उमटवावी. चुकीसह वाढवलेला वेग चुकीचीच सवय पक्की करतो. अखेरीस १० मिनिटांचा एक सलग उतारा टंकित करून शब्द व चुका वहीत नोंदवाव्यात. दोन बोटांची जुनी सवय सोडताना आरंभी वेग घटतो. त्या दिवसांत पुन्हा कळांकडे पाहण्याचा मोह टाळणे हीच खरी परीक्षा होय.

वयाचा प्रश्न

टिमोथी सॉल्टहाउस यांनी १९८४ साली १९ ते ७२ वर्षे वयाच्या टंकलेखकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयस्क टंकलेखकांची प्रतिक्रिया तरुणांपेक्षा मंद होती. तथापि त्यांचा टंकलेखनाचा वेग त्यामुळे कमी झालेला नव्हता. हात एका अक्षरावर असताना त्यांची नजर मजकुरात अधिक पुढे गेलेली असे, आणि मंद प्रतिक्रियेची उणीव अशा रीतीने भरून निघे. ही माणसे अनुभवी होती, नवशिकी नव्हती, हे खरे. तरीही त्यांच्यापासून घेण्याजोगा धडा आहे. कळांवरून सुटलेली नजर कागदावर पुढे जाण्यास मोकळी होते. ती मोकळी करणे कोणत्याही वयात शक्य आहे, आणि रोजचा एक तास त्याच कामी लावावयाचा आहे.