निसर्ग-अभ्यास : सशाची मादी व बिळातील पिले

पाळलेली सशाची मादी अंगणात बीळ उकरू लागली, तोंडात गवत धरून आत नेऊ लागली व पोटाचे केस उपटू लागली, की ती विण्याची वेळ जवळ आली असे समजावे. गर्भकाळ सुमारे 31 दिवसांचा असतो. पिले केसांवाचून व मिटल्या डोळ्यांनी जन्मतात. डोळे सुमारे 10 दिवसांनी उघडतात.

मादी पिलांपाशी बसून राहत नाही. बिळाचे तोंड मातीने बुजवून ती दूर जाते व दिवसातून एकदोनदाच येऊन काही मिनिटे पाजते. आईने पिले टाकली, असे वाटून मुले बीळ उकरतात आणि त्यांच्या दयेनेच पिले गारठून मरतात. तिचे दूर राहणे हेच पिलांचे रक्षण होय. शत्रूला त्यामुळे बिळाचा माग लागत नाही.

मादीस भरपूर पाणी व चारा द्यावा. ती लगेच पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून नर वेगळा ठेवावा. बिळाभोवती कुंपण व पावसाळ्यात वर छप्पर असावे.

शिक्षकांनी मुलांकडून दुरूनच रोजची नोंद करवावी : बिळाचे तोंड बुजलेले आहे की उघडे? सुमारे तीन आठवड्यांनी पिले आपण होऊन बाहेर येतील. तोवर थांबणे हाच या पाठाचा मुख्य भाग आहे.