नॉर्मल वजन गाठता येईल का?

प्रश्न : वय ४४, उंची ५ फूट २ इंच, वजन ८४ किलो. दोनदा आठ-नऊ किलो उतरवलं, पुन्हा चढलं. मी कधी ‘नॉर्मल’ होईन का?

उत्तर : ताई, अशक्य नाही, पण विरळाच. ब्रिटनमधल्या २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात तुमच्या गटातल्या (बीएमआय ३० ते ३५) १२४ स्त्रियांमागे वर्षाला एकीचंच वजन नॉर्मल झालं. पुरुषांत २१० मागे एकाचं. वजन घटवण्याची शस्त्रक्रिया झालेले त्यात धरले नव्हते. तेव्हा स्वतःच्या निग्रहाला बोल लावू नका. वजन घटताच भूक वाढते, शरीर कमी ऊर्जेत भागवू लागतं. (डाएटच्या जाहिराती हे कशाला सांगतील!) उंची-वजनाच्या तक्त्यातला आकडा तूर्त विसरा. चार-पाच किलो उतरवून टिकवा. तेवढ्यानंही रक्तदाब, साखर सुधारते. औषध किंवा शस्त्रक्रियेचा विचार मात्र डॉक्टरांना भेटूनच करा.