जेंटूवर एक यूज फ्लॅग केवढ्याला पडतो?

जेंटू लिनक्स फुकट मिळतं. बिल येतं ते वेळेचं आणि विजेचं. ते किती येणार, हे बरंचसं एकाच निर्णयावर ठरतं: यूज फ्लॅग मेक.कॉन्फमध्ये अख्ख्या सिस्टिमसाठी लिहायचा, की पॅकेज.यूजमध्ये त्या एका पॅकेजपुरता.

स्टीमचं घ्या. त्याला ३२ बिटच्या लायब्ररी लागतात. मेक.कॉन्फमध्ये 'एबीआय एक्स८६'समोर ६४ आणि ३२ दोन्ही लिहिलं की एका ओळीत काम होतं. पण मग ज्या ज्या लायब्ररीला हा पर्याय आहे ती दोनदा कंपाइल होते, आज आणि यापुढच्या प्रत्येक अपडेटला. पॅकेज.यूजमध्ये यादी लांबलचक होते, तरी बांधल्या जातात फक्त लागणाऱ्या लायब्ररी. १०० वॅट खाणारा संगणक १० तासांत एक युनिट जाळतो. पैसे थोडेच, पण तेवढा वेळ मशीन अडकून पडतं, आणि मला तोच खर्च मोठा वाटतो.

दुसरा खर्च पटकन लक्षात येत नाही. डिसेंबर २०२३पासून जेंटू नेहमीच्या ६४ बिट पीसीसाठी तयार बायनरी पॅकेजेस भरपूर देतं. तुमचे फ्लॅग त्यांच्याशी जुळले नाहीत, तर पोर्टेज बायनरी बाजूला ठेवून सोर्समधून बांधायला घेतं. मेक.कॉन्फमधल्या एका शब्दाने अशा कितीतरी बायनरी हातच्या जातात.

मेक.कॉन्फमध्ये शोभतं ते सगळीकडे खरं असणारं: ग्राफिक्स कार्ड, भाषा. मराठीसाठी 'एल१०एन'मध्ये 'एमआर' तिथेच घाला. फायरफॉक्स, लिबरऑफिस दोन्ही ते वाचतात. 'डॉक', 'डीबग', 'मिनिमल' मात्र तिथे कधीच नकोत.

बदल केल्यावर लगेच एंटर मारू नका. इमर्ज आधी 'प्रिटेंड' आणि 'व्हर्बोस' लावून चालवा. ज्या फ्लॅगपुढे तारांकन दिसेल तो बदललेला. शेवटच्या ओळीत किती पॅकेजेस पुन्हा बांधणार ते येतं. तो आकडा पाहून मगच ठरवा. रोजच्या अपडेटला 'न्यूयूज'ऐवजी 'चेंज्ड-यूज' वापरा, म्हणजे तुम्ही न वापरलेला फ्लॅग पॅकेजमध्ये नव्याने आला म्हणून ते उगाच पुन्हा बांधलं जाणार नाही.

पॅकेज.यूज ही डिरेक्टरी ठेवा आणि कारणागणिक वेगळी फाइल करा. स्टीम काढलंत की त्याची फाइलही पुसा. ती राहिली, तर त्यातल्या इतर कामांसाठी लागणाऱ्या लायब्ररी दर अपडेटला दोनदाच बांधल्या जातील.