बंदुकीला ग्रीस की तेल?

प्रश्न : पीकसंरक्षणासाठी परवान्याची 12 बोअरची दुनळी बंदूक आहे. तिला ग्रीस लावावे की तेल?
– एक वाचक, भोकरदन (जि. जालना)

उत्तर : दोन्ही लागतात, पण जागा वेगळ्या. आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करा. नळी जिथे मोडते, त्या बिजागरीवर दाब मोठा असतो. तिथे ग्रीसचा पातळ थर टिकतो. तेल मात्र 40 अंशांच्या उन्हाळ्यात ओघळते. चाप-घोड्याला बंदुकीच्या तेलाचा एखादाच थेंब पुरे. तिथले ग्रीस धूळ धरते, थंडीत घट्ट होते. पावसाळ्यात गंज टाळण्यासाठी नळीला आतून-बाहेरून तेलाचा हात फिरवा, पण बार काढण्यापूर्वी ती आतून कोरडी पुसा. खोबरेल वापरू नका. ते थंडीत गोठते. आतली यंत्रणा परवानाधारक कारागिराकडूनच उघडून घ्या.