कंबरेच्या ऑपरेशनसाठी उचल घेण्यापूर्वी

प्रश्न : आम्ही नवरा-बायको उमापूरचे (ता. गेवराई, जि. बीड). दरवर्षी ऊसतोडीला जातो. बायकोचे वय ३८. दोन वर्षांपासून तिची कंबर दुखते, पायात कळ नाही. सहा वर्षांपूर्वी तिची पिशवी काढली आहे. एमआरआय पाहून ‘मणक्यात गॅप आहे, खालची गादी झिजली आहे’ असे सांगितले. एका खासगी दवाखान्यात कृत्रिम गादी बसवण्याचा सल्ला मिळाला. मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन करून टाकावे का?

उत्तर : आत्ता नको. दुखणे खरे आहे आणि त्यावर उपचारही आहेत. पण तुम्ही लिहिले त्यावरून ऑपरेशनची वेळ आलेली दिसत नाही. शिवाय ताईंच्या बाबतीत एक गोष्ट आधी तपासायला हवी.

हे ऑपरेशन थोतांड नव्हे. दोन मणक्यांमधली झिजलेली गादी काढून तिच्या जागी धातूच्या दोन चकत्या बसवतात आणि बहुतेक प्रकारांत त्यांच्यामध्ये टणक प्लॅस्टिकचा भाग असतो. मणके कायमचे जोडून टाकण्यापेक्षा यात कंबरेची हालचाल टिकते. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात १९८४ साली अशी गादी पहिल्यांदा बसवली गेली. ती तयार करणाऱ्यांपैकी कारिन ब्युटनर-यान्झ या १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सची सुवर्णपदके जिंकलेल्या खेळाडू होत्या. अमेरिकेत या गादीला २००४ मध्ये मान्यता मिळाली. कंबरेचे हे ऑपरेशन पाठीतून होत नाही. पोटाकडून जाऊन, मोठ्या रक्तवाहिन्या बाजूला सारून ते करावे लागते. त्या रक्तवाहिन्यांना इजा झाली तर जिवावर बेतू शकते, म्हणून ते नेहमी करणारा हातच हवा.

ते चालते कुणाला? एकच, फार तर दोन गाद्या खराब असाव्यात. मणक्याचे मागचे सांधे निरोगी असावेत, मणका पुढे सरकलेला नसावा, हाडे भक्कम असावीत. आणि किमान सहा महिने नेटाने औषध-व्यायाम करूनही गुण आलेला नसावा.

यातली हाडांची अट ताईंसाठी सर्वांत महत्त्वाची. ऊसतोड करणाऱ्या बाया कंबरदुखी आणि अंगावरून पांढरे जाणे या तक्रारी घेऊन दवाखान्यात जात, आणि कित्येकींना पिशवी काढायला सांगितले जाई. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हा प्रश्न तपासला. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली, तर हाडे राखणारे संप्रेरक एकदम आटते आणि ऐन तरुणपणी हाडे ठिसूळ होऊ लागतात. अंडाशये ठेवली तरी ती काहींच्या बाबतीत लवकर थकतात. ठिसूळ मणक्यात धातूची चकती रुतू शकते. म्हणजे कंबरेसाठी म्हणून केलेले पहिले ऑपरेशन दुसऱ्याची वाट बंद करू शकते. तेव्हा ताईंचे जुने डिस्चार्ज कार्ड शोधा, अंडाशये काढली आहेत का ते वाचून घ्या आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या. हाडे कमकुवत निघाली तर त्यावरचे उपचार आधी, बाकी सगळे नंतर.

आता ‘गॅप’विषयी. ज्यांची कंबर कधीच दुखली नाही अशा माणसांच्या तपासण्या एकत्र अभ्यासल्या, तर विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसते, ऐंशीच्या घरात ९६ टक्क्यांत. म्हणून एमआरआयवर गादी काळी दिसली एवढ्यावरून दुखण्याचे मूळ तिथेच आहे असे ठरत नाही.

ऑपरेशनचा फायदा किती, हेही ऐका. नॉर्वेत १७३ रुग्णांपैकी काहींना कृत्रिम गादी बसवली आणि काहींना व्यायाम व समुपदेशन दिले. दोन वर्षांनी दोन्ही गट सुधारले होते. ऑपरेशनवाले थोडे सरस ठरले, पण संशोधकांनी ‘जाणवण्याजोगा’ म्हणून आधी ठरवलेला फरक गाठला गेला नाही. ब्रिटनच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचना तर नुसत्या कंबरदुखीसाठी हे ऑपरेशन करू नये असेच सांगतात.

मग करायचे काय? अंथरूण धरू नका. एक-दोन दिवसांपलीकडची विश्रांती कंबर आणखी आखडवते. रोज चालायला लागा, सुरुवात दहा मिनिटांपासून, हळूहळू अर्धा तास. रोज वाकून काम करणाऱ्यालाही हे ताठ, मोकळे चालणे वेगळे लागते. फिजिओथेरपिस्टकडून पोटाचे आणि पाठीचे व्यायाम समोर करून शिकून घ्या. पट्टा दिवसभर बांधून ठेवू नका. मिश्री आणि तंबाखू सोडा. निकोटिनमुळे गादीला होणारा रक्तपुरवठा घटतो. दुखले की सुई, असे करू नका. उपाशीपोटी, उन्हात, पुरेसे पाणी न पिता घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंड बिघडवू शकतात.

फडात मोळी लहान बांधा. ३०-४० किलोंची मोळी एकटीने जमिनीवरून उचलून डोक्यावर घेणे कंबरेला फार महाग पडते. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, मोळी छातीशी धरून उठावे आणि डोक्यावर चढवायला दुसऱ्याने हात द्यावा. ओझे घेऊन कंबरेतून वळू नये, पावले टाकून वळावे. तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे ही कामे दोघांनी आलटून-पालटून करावीत. अधूनमधून ताठ उभे राहून, कंबरेवर हात ठेवून मागे झुकावे. खाडा पडेल म्हणून हे टाळू नका. त्याला दोन मिनिटेही लागत नाहीत.

काही लक्षणांत मात्र एक दिवसही थांबू नये : लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांमधली जागा बधिर होणे, पाऊल लुळे पडणे. ताप, वजन घटणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासायलाच हवा.

गेवराईच्या उपजिल्हा रुग्णालयात आधी दाखवा, तिथून बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी. सहा महिने हे सारे करूनही गुण आला नाही, तर ज्याने ऑपरेशन सांगितले तो सोडून दुसऱ्या मणकेतज्ज्ञाचे मत घ्या. त्याला विचारा : दुखणे याच गादीचे कशावरून? हाडे झेपतील का? तुम्ही अशी किती ऑपरेशने केलीत? पुन्हा मोळी उचलता येईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर खास लक्ष देऊन ऐका. उचल फेडायची ती ऊस तोडूनच, आणि ऑपरेशननंतर जड ओझे उचलणे कित्येक महिने बंद ठेवावे लागते.