रंगीत तालीम

पडदा वर गेला की नाटक सुरू होते, असे आपण समजतो. परंतु त्यापूर्वी कित्येक दिवस तालमी चाललेल्या असतात. अखेरची तालीम वेशभूषा, नेपथ्य, संगीत व प्रकाश यांसह होते. तिला रंगीत तालीम म्हणतात. 1843 साली विष्णुदास भावे यांनी सांगली येथे ‘सीतास्वयंवर’ हे नाटक सादर केले. तेव्हापासून मराठी रंगभूमीचे रूप पुष्कळ पालटले. तालमीचे महत्त्व मात्र उणावले नाही.

1998 सालची गोष्ट. मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला, त्या घटनेस 17 सप्टेंबर रोजी 50 वर्षे पूर्ण होणार होती. हिंगोली हा तेव्हा परभणी जिल्ह्यातील तालुका होता. तिचा स्वतंत्र जिल्हा 1 मे 1999 रोजी झाला. त्या तालुक्यातील आमच्या गावी मुक्तिदिनी तीन नाटिका व्हावयाच्या होत्या. त्यांतील एकेक प्रवेश आठ दिवस आधी गावकऱ्यांना दाखवून त्यांचे मत घ्यावे, असे ठरले. संध्याकाळी शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या गेल्या आणि सारा गाव लोटला.

पहिल्या दोन प्रवेशांवर लोकांनी किरकोळ सूचना केल्या. तिसरा प्रवेश आमच्या विद्यार्थ्यांचा होता. 1948 सालची रात्र. गावात रझाकारांची दहशत. एका शेतकऱ्याने एका सत्याग्रही तरुणाला घरात लपविले आहे. शेतकरी झालेला सातवीतील मुलगा छाती पुढे काढून गर्जला, “प्राण गेला तरी मी याला बाहेर काढणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात मागे बसलेल्या एक आजीबाई उठल्या. “लेकरांनो, काम छान केलंत. पण त्या वेळी आमचा आवाज असा फुटत नव्हता. दिवा मालवून आम्ही अंधारात बसायचो. लेकरू रडलं, तर आई त्याच्या तोंडाला पदर लावायची. भ्यालो होतो, तरी आलेल्या माणसाला दार उघडलं.”

पटांगण स्तब्ध झाले. मुलगा हिरमुसला. ज्या वाक्याला टाळ्या मिळाल्या, तेच कसे सोडावे? त्याने मला विचारले, “गुरुजी, शूर माणूस भितो का?”

“ते आजींनाच विचार,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो आजींपाशी बराच वेळ बसला. परत आल्यावर म्हणाला, “वाक्य तेच ठेवतो, गुरुजी, पण हळू म्हणतो.”

हे काम ओरडण्याहून अवघड होते. कुजबुज ही कुजबुजच वाटावी, तरीही ती शेवटच्या रांगेपर्यंत पोचावी! त्याकरिता श्वास पुरवून धरावा लागतो आणि प्रत्येक अक्षर स्वच्छ उच्चारावे लागते. मी पटांगणाच्या टोकाला उभा राहत असे. ऐकू आले नाही की हात वर करी. सहाव्या दिवशी हात वर करावा लागला नाही.

मुक्तिदिनी ते वाक्य आले, तेव्हा एकही टाळी वाजली नाही. सारा गाव श्वास रोखून ऐकत होता. प्रयोग संपल्यावर आजींनी मुलाला जवळ घेतले आणि त्या एवढेच म्हणाल्या, “आता खरं झालं.”

आपली चूक दाखविणारा माणूस आपला वैरी नसतो. त्याचे बोलणे ऐकून घेण्यासही धैर्य लागते.

स्वाध्याय

1. रंगीत तालीम म्हणजे काय?
2. आजीबाईंना मुलाच्या अभिनयात कोणती उणीव दिसली?
3. ‘शूर माणूस भितो का?’ या प्रश्नाचे उत्तर तुमच्या शब्दांत लिहा.